उतारशाळेतील दोन दीनार

दौलताबादचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेथील 'अंधारी' ठाऊक असेल. खंदक ओलांडून पुढे गेले की डोंगराच्या पोटात शिरणारा एक काळोखा, वळणावळणाचा मार्ग लागतो. शत्रू येथवर पोहोचलाच तर त्याला दिशा कळू नये, त्याची तलवार त्याच्याच सोबत्यावर पडावी आणि उजेडाच्या आशेने तो ज्या झरोक्याकडे धाव घेईल तेथूनच तो खाली कोसळावा, अशी या मार्गाची रचना सांगितली जाते. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील तरुण मुलींना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. वाटाड्याने मध्यावर हातातील दिवा विझविला. मुलींनी किंकाळ्या फोडल्या, मग हशा पिकला. आमच्या शेजारी उभी असलेली एक मुलगी मात्र हसली नाही. ती हलकेच म्हणाली, "फादर, माझी पहिली नाईट अशीच होती."

नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून, कौन्सिलची नोंदणी हाती घेऊन, ती दोन महिन्यांपूर्वी शहरातील एका खाजगी रुग्णालयात लागली होती. आम्ही काहीतरी विनोद केला, दिवा पुन्हा लागला आणि सर्वजण पुढच्या पायऱ्या चढू लागले. ती काय सांगत होती हे ऐकून घ्यावे असे त्या वेळी आमच्या मनातही आले नाही.

पुढे प्रायश्चित्तकाळात तिची आई आमच्याकडे आली. "फादर, पोरगी नोकरी सोडायची म्हनती. रातच्याला झोपत न्हाई, जेवत न्हाई. तुमीच समजवा तिला." हे कुटुंब ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांना अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकावे लागते, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. मुलीच्या शिक्षणासाठी बापाने पतसंस्थेचे कर्ज काढले होते आणि उचलही घेतली होती. आम्ही मुलीला बोलावून घेतले. रुग्णसेवा हे देवाचे पाचारण आहे, असे सांगितले. प्रत्येकाला आपापला क्रूस उचलावाच लागतो, असे सांगितले. आणि जाता जाता, बापाच्या डोक्यावरचे कर्जही ध्यानात ठेव, असे म्हटले. हे तिसरे वाक्य आम्ही सर्वांत हळू आवाजात उच्चारले होते, पण तिच्या खांद्यावर तेच सर्वांत जड पडले असावे. ती "हो फादर" म्हणाली आणि कामावर परत गेली.

सात आठवड्यांनी एका रात्री चौतीस रुग्णांच्या वॉर्डात ती एकटी होती. सोबतची अनुभवी परिचारिका दुसऱ्या मजल्यावर माणूस कमी पडले म्हणून तिकडे गेली होती. एका रुग्णाचे इंजेक्शन तिने दुसऱ्याला दिले. देवाची कृपा, त्या रुग्णाला अपाय झाला नाही. ही चूक दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आली नव्हती. सकाळी तिने स्वतःच इन्चार्ज सिस्टरना सांगितली. मग एक कागद तयार झाला, त्यावर सारा दोष तिच्या नावे लिहिला गेला आणि तिची सही घेण्यात आली. त्या रात्री वॉर्डात किती माणसे असावयास हवी होती आणि किती होती, हे त्या कागदावर नव्हते. ती दुपारच्या एसटीने घरी आली. आज ती वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते.

ही हकीकत आम्ही तिच्या आईवडिलांच्या संमतीने, नावगाव वगळून सांगत आहोत. सांगण्याचे कारण असे की, त्या रुग्णालयाचा जेवढा दोष आहे, तेवढाच, किंबहुना काकणभर अधिक, आमचा आहे असे आम्हांला वाटू लागले आहे. रुग्णालयाने तिला एकटे सोडले. आम्ही तिला तेथे परत पाठविले, आणि तेही देवाच्या नावाने.

'आजच्या मुली टिकत नाहीत' हे वाक्य गेली काही वर्षे सारखे कानी पडते. मिशनच्या दवाखान्यांतील वडीलधाऱ्या धर्मभगिनी ते उसासा टाकून म्हणतात, रुग्णालयांचे चालक तक्रारीच्या सुरात म्हणतात आणि ज्यांच्या घरचे कोणी खाटेवर आहे ते रागाने म्हणतात. नवी परिचारिका येते, सहा महिन्यांत तिचा हात बसू लागतो आणि ती जाते. कोणी दुसऱ्या रुग्णालयात, कोणी आखातात, कोणी सरकारी भरतीच्या अभ्यासाला, तर कोणी हा पेशाच सोडून. दुखणे केवळ आपल्याकडचे नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात साऱ्या जगात सुमारे ५९ लाख परिचारिका कमी असल्याचे म्हटले होते. माणसे कमी असली की राहणाऱ्यांवर भार वाढतो, आणि भार वाढला की राहणाऱ्याही जातात. हे चक्र कळावयास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आमच्यापुढे प्रश्न आहे तो निराळा. जी जाते तिने काही अपराध केला काय? तिच्या जाण्याला आपण 'सेवाभाव कमी झाला' असे जे नाव देतो ते योग्य आहे काय?

सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्र शिकविणारे एक वृद्ध गुरुजी होते. एकच शब्द दोन अर्थांनी वापरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो, हे समजावताना ते मराठी विद्यार्थ्यांना एक खास उदाहरण देत: सरकार कर घेते, कर म्हणजे हात, म्हणून सरकार आपले हात घेते. (हा निष्कर्ष अगदीच खोटा नाही, असे वर्गातील शेतकऱ्यांची मुले म्हणत. असो.) परिचारिकांच्या बाबतीत आपण सर्वांनी नेमकी हीच चूक केली आहे, आणि ती 'सिस्टर' या शब्दापाशी केली आहे.

मठातील धर्मभगिनीला आपण सिस्टर म्हणतो आणि वॉर्डातील परिचारिकेलाही सिस्टरच म्हणतो. यामागे इतिहास आहे. रुग्णांची शुश्रूषा शतकानुशतके मठांतूनच झाली. जर्मन भाषेत परिचारिकेला जो रूढ शब्द आहे त्यातही 'बहीण' दडलेली आहे. शब्द एक राहिला, पण जीवन दोन झाले. धर्मभगिनी दारिद्र्याचे व्रत घेते, हे खरे. पण ती आजारी पडली तर तिचा संघ तिला पाहतो, म्हातारपणी तिला खोली आहे, तिच्या भावाच्या फीसाठी तिला कोणी पत्र लिहीत नाही. व्रत घेण्यापूर्वी तिला निदान बारा महिने उमेदवारी करावी लागते आणि त्या काळात तिच्यासाठी एक अनुभवी भगिनी मुद्दाम नेमलेली असते, असा ख्रिस्तसभेचा कायदाच आहे. परिचारिकेला यांतले काय आहे? तिला खोलीभाडे आहे, रिक्षाचे पैसे आहेत, पतसंस्थेचा हप्ता आहे आणि नेमणुकीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळी आहे. व्रताचा भार तेवढा तिच्यावर टाकावयाचा आणि व्रताचा आसरा मात्र द्यावयाचा नाही, याला सेवाभाव म्हणता येणार नाही. आमच्या वेदीवरून आम्ही कित्येक वर्षे हेच केले. 'सिस्टर सेवा करतात, सेवेला मोल नसते, म्हणून सिस्टरनी मोल मागू नये.' यात कोठे शब्द फिरला, हे आमच्या गुरुजींनी क्षणात दाखवून दिले असते.

आणखी एक गोष्ट ओघात सांगतो. परिचारिकांचे आश्रयदाते संत म्हणून पोप पायस अकरावे यांनी १९३० साली ज्यांना घोषित केले ते संत कमिलस तरुणपणी सैनिक होते, आणि जुगारीही. पायाची जखम घेऊन ते रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात आले, तेथेच सेवक म्हणून राहिले आणि भांडणांपायी व पत्त्यांपायी त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. त्याच रुग्णालयात ते पुढे परतले, तेथील व्यवस्था त्यांनी पाहिली आणि रुग्णसेवेसाठी संघ स्थापन केला. पहिल्या नोकरीत जो टिकत नाही तो या कामाचाच नव्हे, असे ठरविणाऱ्यांनी हे चरित्र जरूर वाचावे.

आता आपण शुभवर्तमानाकडे वळू. संत लूकच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याचा दाखला ठाऊक नाही असा ख्रिस्ती माणूस सापडणार नाही. रुग्णालयांच्या भिंतींवर त्याची चित्रे असतात, परिचारिकांच्या मिस्सेला हाच उतारा वाचला जातो. आम्हीही त्यावर निदान वीस प्रवचने केली असतील. त्या सर्व प्रवचनांत परिचारिका म्हणजे शोमरोनी, हे आम्ही गृहीतच धरले होते. पण तो दाखला त्या मुलीच्या प्रसंगानंतर आम्ही पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आले की त्यात आणखी एक माणूस आहे आणि त्याच्याकडे आम्ही कधी पाहिलेलेच नाही. तो म्हणजे उतारशाळेचा मालक.

शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत आणतो, त्या रात्री स्वतः त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून जातो. त्यानंतर मलमपट्टी कोणी बदलली? ताप चढला तेव्हा पाणी कोणी पाजले? अंथरूण कोणी धुतले? हे सारे उतारशाळेच्या मालकाच्या वाट्याला आले. आमच्या परिचारिका या दाखल्यात कोठे असतील तर येथे आहेत. आणि त्या मालकाशी शोमरोनी कसा वागला ते पाहा. 'हे पुण्यकर्म आहे, तेव्हा फुकट कर' असे तो म्हणाला नाही. त्याने दोन दीनार काढून दिले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे संत मत्तयच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपणांस कळते. शिवाय, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे वचन दिले. म्हणजे जो कळवळा जखमी माणसाविषयी होता तोच शुश्रूषा करणाऱ्याच्या खिशाविषयीही होता. दयेच्या या सर्वांत प्रसिद्ध गोष्टीत प्रभूने रोख मजुरीचा उल्लेख गाळला नाही. आम्ही तो वीस प्रवचनांत गाळला.

मजुरीविषयी ख्रिस्तसभेची शिकवण काही गुप्त नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात स्पष्ट सांगितले की, साध्या, काटकसरी माणसाचे पोट ज्यात भरत नाही ती मजुरी, दोघांच्या संमतीने ठरलेली असली तरी, न्याय्य नाही. गरजेपोटी किंवा याहून वाईट ओढवेल या भीतीने कामगाराने होकार दिला असेल तर तो बळजबरीला बळी पडलेला आहे. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या दुःस्थितीची दखल घेऊन केंद्र सरकारला समिती नेमावयास सांगितले. त्या समितीने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या लहान ठिकाणीसुद्धा ते दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे. आमच्या या मुलीला नऊ हजार मिळत होते. त्यातून खोलीभाडे, खानावळ आणि पतसंस्थेचा हप्ता वजा जाता काय उरत असेल, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

मालकांवर बोट ठेवून आपणांस मोकळे होता येणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या विश्वपत्रात 'अप्रत्यक्ष मालक' अशी एक कल्पना मांडली आहे. पगारपत्रकावर जो सही करतो तो प्रत्यक्ष मालक. पण ज्या रीतिरिवाजांमुळे, कायद्यांमुळे व संस्थांमुळे तो पगार तेवढाच राहतो ते सारे अप्रत्यक्ष मालक. या अर्थाने आपली धर्मग्रामातील कुटुंबेही परिचारिकांची मालक आहेत. सलाईन संपली आणि तीन मिनिटांत कोणी आले नाही म्हणून वॉर्डात आरडाओरडा करणारे आपणच असतो. डॉक्टरांसमोर हात जोडतो आणि ते वळताच सिस्टरवर खेकसतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण गच्चीत उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्यानंतरच्या महिन्यांत खोली रिकामी कर म्हणून याच परिचारिकांना सांगणारे घरमालकही आपल्याच देशातले होते. आणि मुलीने नर्सिंगला जावे म्हणून आग्रह धरणारे, पण सून नाईट ड्यूटीची नको म्हणणारे आईबाप तर आम्हांला दर लग्नसराईत भेटतात.

माणसे टिकत नाहीत म्हणून त्यांना बांधून ठेवण्याचाही मार्ग काही ठिकाणी अवलंबिला जातो. करारपत्र लिहून घ्यावयाचे, मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घ्यावयाची आणि जावयाचे असेल तर दंड भरा म्हणावयाचे. या 'बाँड'विरुद्ध २०११ साली मुंबई आणि दिल्लीच्या परिचारिकांना आंदोलन करावे लागले होते. ज्याच्या पायथ्याशी आपण राहतो त्या दौलताबादने ही रीत फार पूर्वी पाहिली आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीकरांना हुकूम करून येथे आणले. किल्ला अभेद्य होता, वाडे बांधले होते. पण हुकमाने आणलेली माणसे येथे रुजली नाहीत आणि काही वर्षांतच त्यांना परत जाण्याची मोकळीक द्यावी लागली. माणूस जागी राहिला म्हणजे तो तेथे वसला असे होत नाही, एवढे तरी आमच्या या गावाच्या नावावरून सर्वांना आठवावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की फादरांनी सर्व दोष इतरांवर टाकला आणि मुलींना मोकळे सोडले. तसे नाही. ड्यूटीच्या मध्यावर, हाती घेतलेला रुग्ण दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन न करता जी निघून जाते तिचे वागणे आम्ही गंभीर अपराध समजतो. कारण तेथे खाटेवरचा माणूस प्रत्यक्ष तिच्यावर विसंबून असतो. नोटीस देऊन, काम नीट सोपवून नोकरी सोडणे ही मात्र सर्वस्वी निराळी गोष्ट होय. रुग्णाविषयीचे कर्तव्य आणि रुग्णालयाच्या मालकाविषयीचे कर्तव्य ही दोन्ही एक नव्हेत. शिवाय हेही कबूल केले पाहिजे की काही मुली खरोखर किरकोळ कारणावरून सोडतात. इन्चार्ज रागावल्या, मैत्रीण दुसरीकडे गेली, सुट्टी सणाला मिळाली नाही. अशा मुली आम्हांला माहीत आहेत आणि त्यांना आम्ही तोंडावर बोललोही आहोत. परदेशी जाणाऱ्यांच्या बाबतीत आमचे मन अजून द्विधा आहे. वसईपासून वैजापूरपर्यंत किती घरांची कौले अशा मुलींच्या पैशाने स्लॅबची झाली, हे आम्ही पाहतो. आणि त्याच वेळी आमच्या भागातील लहान दवाखान्यात रात्री बाळंतिणीपाशी अनुभवी हात नसतो, हेही पाहतो. त्या बाळंतिणीला आम्ही काय सांगावे, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. पण ते उत्तर एकट्या त्या बावीस वर्षांच्या मुलीने आपल्या आयुष्याने द्यावे, हे तरी आम्हांला न्याय्य वाटत नाही.

पगार वाढला की सर्व सुटेल, असेही आम्ही मानत नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी रुग्णालयांच्या परिचारिका संपावर गेल्या त्या बाहेरच्या कंत्राटी भरतीच्या विरोधात. आपल्या शेजारी काम करणारे माणूस उद्या कोण असेल हा प्रश्नही त्यांत होता. अंधारीत उभ्या असलेल्या त्या मुलीने नऊ हजारांचा उच्चारही केला नव्हता. तिने पहिल्या रात्रीचा उच्चार केला होता. अमेरिकेत मार्लीन क्रेमर या विदुषींनी १९७४ साली नव्या परिचारिका पेशा का सोडतात यावर एक ग्रंथ लिहिला आणि त्या अनुभवाला 'वास्तवाचा धक्का' असे नाव दिले. शाळेत शिकविले जाते की प्रत्येक रुग्ण पूर्ण माणूस आहे, त्याच्याशी बोला, त्याला समजून घ्या. आणि वॉर्डात शिकविले जाते की सहाच्या आत सर्वांची औषधे झाली पाहिजेत. या दोहोंच्या मध्ये नवी मुलगी चिरडते. पहिल्या काही आठवड्यांना त्यांनी मधुचंद्राचा काळ म्हटले आहे. लग्ने लावणे हा आमचा व्यवसायच असल्याने तो काळ किती टिकतो हे आम्हांला ठाऊक आहे. त्यानंतर धक्का येतो आणि जिला जितके अधिक वाटते तितका तो तिला अधिक बसतो. म्हणजे प्रथम सोडून जाणारी पुष्कळदा सेवाभाव नसलेली नसते. फार असलेली असते. आमच्या भारतीय परिचर्या परिषदेने सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असे प्रमाण ठरविले आहे. चौतीसांमागे एक असताना ज्या मुलीला प्रत्येकाशी बोलावेसे वाटते तिचे काय होणार?

मग कोणत्या परिचारिका राहतात? याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे आणि ते आठवताना आजही आमचा कंठ दाटतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर सुमारे बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना न्हाऊमाखू घातले, भरविले, कूस बदलून दिली. ज्यांनी आरंभ केला त्या निवृत्त झाल्या. हल्ल्याच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली पुढे त्यांच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार याच कर्मचाऱ्यांचा मानला आणि त्यांच्या सेवेची मनापासून वाखाणणी केली. कोणत्या करारपत्रात हे लिहिले होते? 'टिकत नाहीत' म्हणून ज्यांना आपण नावे ठेवतो त्या पेशाच्या स्त्रिया बेचाळीस वर्षे टिकल्या, कारण ती त्यांच्यातली एक होती आणि तिला एकटे टाकावयाचे नाही, हे प्रत्येक नवीला जुनीने सांगितले होते. आमच्या मुलीच्या वॉर्डात असे सांगणारे कोणी नव्हते.

किल्ल्याच्या माथ्याजवळ जनार्दनस्वामींचे स्थान आहे. अंधारीतून निघून आम्ही त्या दिवशी तेथवर गेलो होतो. स्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि पैठणहून आलेला कोवळा एकनाथ त्यांच्यापाशी राहून हिशेबाचे काम शिकला. हिशेबात एका पैची चूक येत होती म्हणून एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसला आणि चूक सापडताच आनंदाने त्याने टाळी वाजविली, ही आख्यायिका आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. तिचा बोध म्हणून एकनाथांची एकाग्रता सांगितली जाते. ते बरोबरच आहे. पण ती टाळी ऐकून स्वामी उठले आणि शिष्यापाशी आले, हा गोष्टीचा दुसरा भाग आहे. नवशिक्या एकटा दिसत असला तरी एका हाकेच्या अंतरावर गुरू होते. चूक सापडली हे सांगावयास त्याला सकाळची वाट पाहावी लागली नाही, आणि ती सांगितल्याबद्दल त्याच्यापुढे कोणी कागद सरकविला नाही.

आमचेही पहिले वर्ष असेच कोणीतरी सांभाळले होते, याचा विसर पडला होता खरा. दीक्षा झाल्यावर आम्हांस एका वयोवृद्ध धर्मगुरूंच्या हाताखाली पाठविण्यात आले. पहिला अंत्यविधी एका बुडून मेलेल्या मुलाचा होता. आईचा आक्रोश ऐकून आमच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटेना. वृद्ध फादर मागे उभे होते. त्यांनी पुढे होऊन आमच्या हातातील पुस्तक घेतले, उरलेला विधी पुरा केला आणि घरी आल्यावर त्याविषयी चकार शब्द न काढता आमच्यासाठी चहा केला. त्या सायंकाळी ते नसते तर आम्ही आज याजकपदावर असतो की नाही, सांगता येत नाही. तेथे आम्हांला कोणी क्रूसाविषयी ऐकविले नाही.

आमच्या धर्मग्रामात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एक मेट्रन आहेत. चाळीस वर्षांची सेवा, आवाज अजून वॉर्डाएवढा. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे जाऊन ही सारी हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "फादर, तुम्ही तिला माझ्याकडे का नाही पाठवलंत? मी पहिल्या वर्षी दोनदा पळून आले होते." आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सेनंतर त्यांच्या ओसरीवर नव्या परिचारिका जमतात. आम्ही तेथे जात नाही. धर्मगुरू बसला की मुली खरे बोलत नाहीत, असे मेट्रनबाईंचे म्हणणे आहे. कोणाला नोकरी बदलावयाची असेल तर अर्ज कसा लिहावा, अनुभवाचा दाखला हाती घेतल्याशिवाय का निघू नये, रात्री दोन रुग्णांचे आडनाव एकच असेल तर काय करावे, असे विषय निघतात असे ऐकतो. दोघींनी तेथूनच सल्ला घेऊन नोकऱ्या सोडल्या. एकीच्या मालकांनी आमच्याकडे तक्रारही केली. आम्ही त्यांना चहा पाजला आणि रात्रपाळीला किती जणी असतात ते विचारले.

वाळूजला जाणाऱ्या त्या मुलीकडे आम्ही मागच्या महिन्यात गेलो. क्षमा मागावयाची होती, मागितली. ती संकोचून गेली आणि आईला म्हणाली, "फादरना पाणी दे." नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, तिची मुदत जवळ येत आहे. फॉर्म आणि फी आमच्याकडून होईल, नोकरी कर वा न कर, नोंदणी तेवढी जिवंत ठेव, असे आम्ही म्हटले. तिने कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले प्रमाणपत्र काढून दाखविले. मग ते पुन्हा पिशवीत घालून ती म्हणाली, "बघू फादर. अजून वेळ आहे."